जर्मनच्या वाटीला लोखंडाची गिट्टी

भुकूममध्ये सडकेला लागून गावाची एक छपरी होती. चार दगडी खांब, वर कौले, तीन बाजू उघड्या. पूर्वी पुण्याला भात घेऊन जाणारे गाडीवान तिथे बैल सोडून भाकरी खात. पन्नासचे दशक संपत आले तेव्हा बैलगाड्या कमी झाल्या होत्या, मोटारी वाढल्या होत्या आणि छपरी बहुतेक वेळ रिकामी असे. ती मागण्यासाठी ग्रामपंचायतीकडे दोन अर्ज आले. एक पुण्यातल्या गॅरेजात काम करणाऱ्या एका मिस्त्रीचा, दुसरा गावच्या लोहाराचा.

दोघांनाही तिथे मोटारदुरुस्तीचे दुकान काढायचे होते. मिस्त्री लष्कराच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला होता. लोहाराने जन्मभर नांगराचे फाळ ठोकून पाजळले होते, विळ्यांना धार लावली होती आणि बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवल्या होत्या. रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून धावांचे काम निम्म्याहून कमी झाले होते. त्याचा भाता गावाच्या मागच्या अंगाला, ओढ्यापलीकडे होता. मोटारवाला तिकडे वळण्याची शक्यता नव्हती. छपरी मिळाली नाही तर वर्षभरात भाता बंद करून पुण्याच्या एखाद्या कारखान्यात घण मारायला जावे लागेल, असे तो स्वतःच सांगे. सांगताना आवाज चढवत नसे.

मी त्या वेळी पुण्याच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. मुळशी तालुका माझ्याकडे होता. महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली एक मोटारसायकल मी घेतली होती. तिला गावोगाव फटफटी म्हणत. ती वजनाला जड आणि आवाजाला मोठी होती, पण दगडगोट्यांच्या आणि मातीच्या रस्त्यांवर तिच्याइतके भरवशाचे दुसरे वाहन मला परवडण्यासारखे नव्हते. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी एक वाटी होती. ती ॲल्युमिनिअमची होती. ॲल्युमिनिअमला तेव्हा सगळे जर्मन म्हणत. वाटीच्या बुडाला जुने तेल काढून टाकण्यासाठी एक बोल्ट होता.

त्या बोल्टातून थेंब थेंब तेल गळू लागले होते. एका मंगळवारी सकाळी भुकूमच्या छपरीसमोर गाडी उभी करून मी तो आवळला. गळणे थांबले नाही. पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवून पुन्हा आवळला. बोल्ट घट्ट होत गेला, आणि मग एकदम हलका झाला. त्या हलकेपणाचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. बोल्ट हाताने बाहेर आला. त्याच्या आट्यांत चांदीसारखा चुरा अडकला होता. वाटीच्या भोकातले आटे मी सोलून काढले होते. तेल रस्त्यावर सांडले.

मिस्त्री त्या दिवशी छपरी पाहायला आला होता. सरपंच त्याच्याबरोबर होते. मिस्त्रीने खाली वाकून भोकात बोट फिरवले आणि बोट माझ्याच रुमालाला पुसले.

"कोणी आवळला हा?"

"मीच."

"तुम्ही बातम्या लिहा, साहेब. पाना हातात धरू नका." मग सरपंचांकडे वळून तो म्हणाला, "वाटी बदलावी लागेल. आणि ही वाटी आता बाजारात मिळत नाही. म्हणजे गाडी भंगारात."

"आटे पुन्हा पाडता येणार नाहीत?" मी विचारले.

"पाडायला मांस तर पाहिजे. तुम्ही सगळं खाल्लंत."

सांडलेले तेल पाहून चार माणसे जमली होती. त्यांत लोहार होता. त्याने भोकात करंगळी घातली, मग अनामिका, मग मधले बोट. भोक मोजायची त्याची हीच पट्टी होती.

"भितीत खिळा सैल झाला तर भित पाडत्यात का?" तो म्हणाला. "भोक थोरलं करायचं, लाकडाची गिट्टी मारायची, तिच्यात खिळा ठोकायचा. हितं लोखंडाची गिट्टी मारू."

"आणि गिट्टीला आटे कुठून आणणार?" मिस्त्रीने विचारले. "लेथ आहे का तुमच्याकडे? आटे पाडायचा टॅप आहे?"

"न्हाई."

"मग?"

"आटे पाडल्याली गिट्टी बाजारात मिळती की. तिला नट म्हनत्यात."

लोक हसले. मिस्त्री हसला नाही. तो कामाचा माणूस होता. या उत्तरात तथ्य आहे हे त्याला कळले असावे.

सरपंच म्हणाले, "आरं लव्हारा, ह्यो काय इळा न्हाई धार लावायला. बिघडलं तर सायबाची फटफटी जाईल आन् गावाचं नाव जाईल."

"फटफटी तर गेलेलीच हाय, अण्णा. मिस्त्रीच म्हनत्यात."

सरपंच वादाचे निकाल जागच्या जागी लावणारे होते. त्यांनी तोही लावला. "शनवारी पंचायतीची बैठक हाय. त्याच्या आत फटफटी हितनं धरनापतुर जाऊन माघारी आली आन् तेलाचा एक ठिपका पडला न्हाई, तर छपरी तुझी. पडला, तर मिस्त्रीची. मंग रडत यायाचं न्हाई."

"न्हाई येनार," लोहार म्हणाला.

मिस्त्रीनेही मान्य केले. त्याने एकच अट घातली. मुळशीच्या धरणापर्यंत तो माझ्यामागे बसून येणार होता.

वाटी आठ लहान बोल्टांनी इंजिनाला जोडलेली होती. ती सोडवून आम्ही ओढ्यापलीकडे नेली. नट शोधायचे काम माझ्याकडे आले, कारण नुकसान माझे होते. बुधवारी मी चालत उरवड्याला गेलो. तिथल्या एका बागाईतदाराच्या विहिरीवर तेलावर चालणारे इंजिन होते. त्याच्या सामानाच्या पेटीत एक कोरा बोल्ट आणि दुप्पट जाडीचा नट मिळाला. नट बोल्टावर शेवटपर्यंत बोटाने फिरत होता. जुना बोल्ट आता उपयोगाचा नव्हता. नव्या बोल्टासाठी नवे भोक तयार होणार होते.

नट षटकोनी. गिट्टी गोल हवी. लोहाराने नट बोल्टाच्या डोक्याशी घट्ट आवळला, बोल्ट दोन लाकडी ठोकळ्यांच्या खाचांत आडवा ठेवला आणि त्याला दोरीचे दोन वेढे दिले. त्याची बायको समोर बसली. ती दोरीची दोन टोके ताकातली रवी घुसळावी तशी आळीपाळीने ओढू लागली. नट फिरू लागला आणि लोहाराने त्याच्यावर कानस धरली. दोन तास हे चालले. बोल्टाच्या डोक्याकडचा नटाचा पाव भाग त्याने मुद्दाम षटकोनीच ठेवला. ती त्या गिट्टीची टोपी होती. गिट्टी वाटीच्या आतून बसणार होती, म्हणजे बोल्ट खालून आवळला की टोपी वाटीच्या तळाला आतून दाबून धरणार होती. मी जितका जोर लावीन तितकी गिट्टी घट्ट होईल, असा त्याचा हिशेब होता.

"तुमच्यासारकी मानसं धरूनच करायचं काम," तो म्हणाला.

एरवी घण मारणारी बायकोच आता दोरी ओढत होती. लोहाराच्या घरात घण बहुधा बाईच्या हाती असे. ती कमी बोलणारी, रुंद मनगटांची बाई होती.

मग वाटीचे भोक गोल कानशीने मोठे करायचे होते. ते घाईने करता येत नव्हते. लोहार नटाला दिव्याची काजळी लावी, भोकाशी टेकवी, काजळी जिथे उमटे तिथे दोन हात कानस फिरवी, पुन्हा काजळी लावी. बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारची सकाळ त्यात गेली. शेवटी नट भोकाच्या तोंडाशी येऊन अडला. आत जात नव्हता, पण जाईल असे वाटत होते.

"बास," लोहार म्हणाला. "आता ह्याच्या फुडं कानस लावली तर सैल हुईल. धाव कदी चाकाएवडी करत न्हाईत. धाकली करत्यात. तापवली की मोठी हुती, चाकावर पडती, पानी मारलं की आवळती. हे बी तसंच. हितं नट म्हंजी चाक, ते गार ठिवायचं, आन् धाव जर्मनची, ती तापवायची."

जर्मन लोखंडापेक्षा जास्त फुगते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. गरम जर्मनच्या पातेल्याला बसलेले लोखंडी झाकण पातेले निवल्यावर निघत नाही, एवढे मात्र त्याला घरात दिसले होते.

गुरुवारी दुपारी त्याने आधी तालीम करायची ठरवली. बातमी पसरली होती. सरपंच आले, मिस्त्री पुण्याहून सायकलवर आला, आणखी दहा-पंधरा माणसे आली. बायकोने एक चीर गेलेले जर्मनचे पातेले आणून दिले. लोहाराने ते भट्टीत ठेवले आणि भाता हलवला.

लोखंड तापले की रंग दाखवते. आधी काळपट तांबडे, मग डाळिंबी, मग केशरी. लोहार डोळ्याने ताप ओळखतो, त्याला दुसरे मोजमाप लागत नाही. लोहार तांबड्या रंगाची वाट पाहत होता. पातेले पांढरेच राहिले. त्याने भाता वाढवला. पातेले पांढरेच. आणखी वाढवला. मग पातेल्याची कड दुधावरच्या साईसारखी सुरकुतली, तळ खचला आणि सगळे पातेले एकदम निखाऱ्यांत उतरले. चिमटा रिकामा राहिला.

मग मागून कोणीतरी म्हणाले, "लव्हारदादा, पातेल्यात कालवण करत्यात. तुमी पातेल्याचंच केलं!"

हशा बराच वेळ चालला. सरपंचही हसले. मिस्त्री म्हणाला, "जर्मन रंग देत नाही हो. वितळेपर्यंत पांढरंच दिसतं. आमच्याकडे त्याला तापमापक लागतो." तो कुत्सितपणे म्हणाला नाही. पण त्याने सरपंचांकडे पाहिले, आणि सरपंचांनी छपरीच्या दिशेला पाहिले.

पातेल्याच्या जागी वाटी असती तर प्रकरण तिथेच संपले असते. लोहार निखाऱ्यांतून वितळलेला गोळा बाहेर ओढत होता. त्याचा चेहरा पडला होता. त्याचे चाळीस वर्षांचे मोजमाप पंधरा माणसांदेखत निरुपयोगी ठरले होते.

बायको भात्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "आवं, तव्याला कुटला रंग येतोय?"

"काय?"

"तवा काळाच असतुया. तापला का न्हाई ते मला कसं कळतं?"

"मला काय म्हाईत? तू भाकरी करतीस."

"तेच म्हनती मी. पानी मारायचं. तवा कोंबट असला तर पानी नुसतं च्यर्र करून बसतं. चांगला तापला की त्येचा थेंब हुतो आन् तव्यावर पळाया लागतो. थेंब पळाला की भाकर टाकायची. त्येच्या फुडं तापवला तर भाकर जळती."

लोहार गोळा बाजूला टाकून उठला. मग मिस्त्रीकडे वळला. "कसं, मिस्त्री? जमंल?"

मिस्त्रीला खोटे बोलता आले असते. पण तो म्हणाला, "जमेल. साधारण तेवढाच ताप लागतो."

शुक्रवारी सकाळी वाटी निखाऱ्यात घातली नाही. निखाऱ्यांवर एक लोखंडी पत्रा ठेवला, पत्र्यावर वाटी. भाता लोहाराने हलवायचा आणि ताप बायकोने पाहायचा, अशी वाटणी झाली. नट ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रीपासून रांजणाच्या तळाशी ठेवला होता. बायकोने वाटी चिमट्याने दर थोड्या वेळाने फिरवली, एका बाजूने जास्त तापू नये म्हणून. बोटांची टोके पाण्यात बुडवून तिने वाटीवर शिंपडले. पाणी च्यर्र करून उडून गेले. पुन्हा शिंपडले. पुन्हा तेच. सरपंच पुढे सरकले. तिने त्यांना हाताने मागे सारले, पंचायतीचे प्रमुख म्हणून वेगळी वागणूक दिली नाही.

चौथ्या वेळी थेंब गोल झाला आणि वाटीच्या कडेने पळाला.

"टाका," ती म्हणाली.

लोहाराने रांजणातून नट काढला, पुसला आणि भोकात सोडला. काल जिथे अडला होता तिथून तो आपल्या वजनाने आत गेला. टोपी तळाला टेकली. टक् असा एकच आवाज झाला. लोहाराने वरून हातोड्याचा दांडा दाबून धरला आणि तो मनात आकडे मोजत असल्यासारखा थांबला. वाटी निवल्यावर त्याने बोल्ट आत फिरवला, वाटी बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळली आणि पाना मिस्त्रीच्या हातात दिला.

"तुमीच बघा."

मिस्त्रीने पान्यावर अंगाचा भार टाकला. गिट्टी जागची हलली नाही. बाक हलला.

तेल झिरपू नये म्हणून बोल्टाच्या वायसरखाली काय लावायचे हा प्रश्न उरला. धरणाच्या कामावर तरुणपणी लोहाराने पाइप जोडणारे कारागीर पाहिले होते. ते आट्यांना जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावत. त्याने वाण्याकडून शेंदूर आणवला.

"मारुतीचा शेंदूर फटफटीला?" बायकोने विचारले.

"मारुतीला तेल बी लागतं आन् शेंदूर बी. हिलाबी दोन्ही लागतंय."

शनिवारी सकाळी वाटी चढवून नवे तेल भरले. छपरीच्या फरशीवर मी आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पसरले आणि गाडी त्याच्यावर उभी केली. अर्धा तास कागद कोरडा राहिला. मग मिस्त्री मागे बसला आणि आम्ही निघालो. बैठक दुपारी होती.

पिरंगुटच्या घाटात इंजिन तापले. पौडपर्यंत सडक बरी होती. पुढे बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, त्यांत पिठासारखी धूळ, मध्ये कोरडे ओढे. मिस्त्री मागून सांगत होता, "हळू न्या म्हणून सांगणार नाही. नेहमी नेता तशीच न्या." मी तशीच नेली. धरणाच्या भिंतीखाली थांबल्यावर तो उतरला आणि रस्त्यावर पाठीवर झोपून इंजिनाखाली गेला.

"तेल गळलं असतं तर धूळ चिकटून चिखल झाला असता," तो खालून म्हणाला.

"झालाय?"

"कोरडी आहे."

परतीच्या वाटेवर, पौडच्या अलीकडच्या ओढ्यात पुढच्या चाकाने एक दगड उडवला आणि तो इंजिनाच्या तळावर आदळला. आवाज घणासारखा झाला. मी गाडी थांबवली. दोघेही काही क्षण खाली वाकलो नाही. मग मिस्त्री वाकला. बोल्टाच्या डोक्याचा एक कोपरा चेपला होता. त्याने भोवतालची धूळ फुंकून पाहिली, बोट फिरवले, बोट पाहिले.

"चला," तो म्हणाला.

भुकूमला आलो तेव्हा छपरीत पंचायत बसली होती. लोहार एका खांबाला टेकून उभा होता. बायको दुसऱ्या खांबाशी. मी गाडी वर्तमानपत्रावर उभी केली. सरपंचांनी चहा मागवला आणि चहा होईपर्यंत इतर विषय घेतले. एका विहिरीचा गाळ आणि शाळेची भिंत यांवर ठराव झाले. लक्ष सगळ्यांचे कागदाकडे होते.

चहा संपल्यावर सरपंच म्हणाले, "मिस्त्री, तुमीच सांगा."

मिस्त्री गुडघ्यावर बसला. स्वतःचा स्वच्छ रुमाल काढून त्याने बोल्टाभोवती पुसला. रुमाल उलगडून सगळ्यांपुढे धरला. त्यावर धूळ होती, शेंदराची एक बारीक रेघ होती. तेल नव्हते. मग त्याने खालचे वर्तमानपत्र ओढून काढले आणि सरपंचांच्या हातात दिले. सरपंचांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले.

"छपरी लव्हाराची," ते म्हणाले.

गलका झाला. कोणीतरी लोहाराला उचलायचा प्रयत्न केला, पण तो जड होता. ज्याने कालवणाचा टोमणा मारला होता त्यानेच सगळ्यांसाठी दुसरा चहा सांगितला. मिस्त्रीने लोहाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "टॅप आणि डायचा एक जुना जोड आहे माझ्याकडे. पुढच्या वेळी नट घासत बसू नका." पुढच्या आठवड्यात तो जोड त्याने खरोखर आणून दिला.

सोमवारी ऐरण बैलगाडीतून सडकेवर आली. त्या गाडीच्या चाकांवर लोहारानेच चढवलेल्या धावा होत्या. वितळलेल्या पातेल्याचा गोळा बायकोने छपरीच्या एका खांबाला तारेने टांगला. मी मुळशी तालुका पाहत होतो तोपर्यंत, म्हणजे पुढची बरीच वर्षे, तो तिथे होता. ट्रकचे चालक, पंपांचे मालक, धरणाकडे जाणारे मोटारवाले तिथे थांबू लागले. त्यांना त्या गोळ्याची हकीकत लोहार स्वतः सांगे.

आटे गेलेली जर्मनची वस्तू आली की कामाची रीत ठरलेली होती. लोहार भाता हलवी, काम घेऊन आलेला चालक जवळ उभा राही, आणि दोघेही लोहाराच्या बायकोकडे पाहत. ती बोटे पाण्यात बुडवून शिंपडी. थेंब पळाल्याशिवाय ती तोंड उघडत नसे, आणि तिने सांगितल्याशिवाय कोणी नट सोडत नसे.

ती मोटारसायकल मी पुढे विकली. तोपर्यंत तो बोल्ट अनेकदा सोडून पुन्हा आवळला होता, बहुतेक वेळा मीच. घेणाऱ्याने तळातला गाळ साफ करण्यासाठी वाटी सोडवली, तेव्हा आतली षटकोनी टोपी पाहून हे कुठल्या कारखान्याचे काम आहे, असे त्याने विचारले. मी त्याला भुकूमच्या छपरीचा पत्ता सांगितला.